रेड बुक (हम्फ्री रेप्टन)

इंग्लंडमधील उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन (१७५२–१८१८) जमीनमालकांना नियोजित बदल दाखवण्यासाठी हाताने तयार करत ती सचित्र वही. बांधणी बहुधा तांबड्या मोरोक्को चामड्याची, म्हणून हे नाव. आत रेप्टन यांच्या वळणदार अक्षरातला मजकूर आणि जलरंगातली चित्रे.

व्यापारात हात पोळल्यावर रेप्टन १७८८ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, या व्यवसायात आले. नकाशा गिऱ्हाइकाला उमगत नाही, ही त्यांची तक्रार. नकाशात जमीन वरून दिसते. मालक ती दिवाणखान्याच्या खिडकीतून पाहणार असतो. म्हणून त्यांनी उभ्या माणसाच्या नजरेतून दृश्ये रंगवली आणि जो भाग बदलायचा, तेवढ्यावरच कागदाची एक झडप चिकटवली. झडप मिटलेली असताना आजची स्थिती दिसे: ओसाड उतार, मध्येच आलेले कुंपण. उचलली की त्याच जागी तळे आणि झाडी. भोवतालची टेकडी, घर, आकाश दोन्हींत तेच राहत असल्याने बदल खराच वाटे. या झडपांना ते ‘स्लाइड’ म्हणत.

आधीचे ख्यातनाम रचनाकार ‘कॅपेबिलिटी’ ब्राऊन कामाचा ठेकाही घेत. रेप्टन फक्त सल्ला देत, मजूर मालकाचे. त्यामुळे वही हाच त्यांचा खरा माल ठरला. काही मालकांनी ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवली, बागेला मात्र हात लावला नाही.

सर्वांत मोठी हुलकावणी इंग्लंडच्या समुद्रकाठच्या ब्रायटनची. तिथल्या राजवाड्यासाठी १८०६ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या युवराजांना भारतीय धाटणीचा आराखडा सादर केला. घुमट, कमानी डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांच्या भारतातील चित्रांवरून घेतल्या होत्या. युवराज खूश झाले, पण पैसा नव्हता. १८१५ पासून ते काम रेप्टन यांचे जुने भागीदार जॉन नॅश यांनी केले, तेही घुमटांसकट.

झडपेची लबाडी रेप्टन यांच्या स्वतःच्या घराच्या चित्रात उघड दिसते. एसेक्समधील या घरासमोरचे दृश्य १८१६ साली छापले गेले. पहिल्या चित्रात कसायाच्या दुकानात मांस टांगलेले आहे आणि कुंपणाशी एक अपंग भिकारी उभा आहे. झडप उचलली की कुंपण पुढे सरकते, दुकान फुलांआड जाते. भिकारी कुठेच नसतो.