साथ दवाखान्यात पोहोचण्याआधी ड्रेनेजमध्ये

२००१ साली मुंबईत पोलिओने लुळेपणा आलेला एकच रुग्ण नोंदवला गेला. त्याच वर्षी शहरातल्या तीन जोखमीच्या झोपडपट्ट्यांमधून दर आठवड्याला सांडपाण्याचे नमुने घेतले जात होते आणि परळच्या हाफकिन आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात तपासले जात होते. वर्षभरात असे १३७ नमुने झाले. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यांतल्या ३५ नमुन्यांत टाइप १ विषाणू निघाला, एकात टाइप ३. तोंडावाटे देण्याच्या लशीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात, तेही शौचावाटे सांडपाण्यात येतात. पण हे लशीतले विषाणू नव्हते, रोग पसरवणारे मूळ ‘वाइल्ड’ विषाणू होते. शहरातला तो एक रुग्ण समोर येण्याच्या तीन महिने आधीच विषाणू सांडपाण्यात दिसला होता.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. या विषाणूंचा जनुकीय क्रम वाचला, तेव्हा ते चार वेगवेगळ्या वंशावळींचे निघाले आणि त्यांचं नातं उत्तर प्रदेशातल्या रुग्णांमधल्या विषाणूंशी जुळलं, मुंबईतल्या आधीच्या रुग्णांशी नाही. म्हणजे विषाणू मुंबईत ठाण मांडून बसलेला नव्हता. तो बाहेरून पुन्हा पुन्हा येत होता, काही काळ फिरत होता आणि नाहीसा होत होता. रुग्णांच्या आकड्यावरून हे कधीच कळलं नसतं. एका रुग्णावरून कसली वंशावळ काढणार?

पोलिओच्या बाबतीत सांडपाणी इतकं बोलकं असण्याचं कारण साधं आहे. संसर्ग झालेल्या साधारण २०० मुलांमागे एकालाच लुळेपणा येतो. बाकीच्यांना फारतर ताप, घसादुखी, जुलाब, बहुतेकांना काहीच नाही. पण विषाणू या सगळ्यांच्या आतड्यात वाढतो आणि कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. दवाखान्याला दोनशेतला एक दिसतो, ड्रेनेजला सगळे.

आता थोडा हिशेब करू. संसर्ग झालेलं मूल दिवसाला एक कोटीपर्यंत संसर्गक्षम विषाणू बाहेर टाकू शकतं. समजा, एक लाख वस्तीच्या भागात अशी शंभर मुलं आहेत, म्हणजे लुळेपणाचा एकही रुग्ण अजून नसण्याची शक्यता बरीच. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं, तर सांडपाणी होतं एक कोटी पस्तीस लाख लिटर. त्यात शंभर कोटी विषाणू, म्हणजे लिटरमागे सत्तर-पंचाहत्तर. प्रत्यक्षात सगळी मुलं एकाच वेळी इतका विषाणू टाकत नाहीत, वाटेत काही विषाणू मरतातही. तरी शोधण्याजोगं काही उरतं. पण मूल एकच असेल तर लिटरमागे एक विषाणूसुद्धा येत नाही. म्हणून एका नमुन्याच्या ठिकाणी साधारण एक ते तीन लाख लोकांचं सांडपाणी येत असावं, असं धरतात. त्याहून मोठ्या शहराची सगळी वाहिनी एकाच जागी तपासली, तर छोटी साथ पाण्यात विरघळून जाते.

नमुना घेणं वरवर सोपं दिसतं, पण निम्मं काम तिथेच बिघडतं. जागा ठरलेली असावी: पंपिंग स्टेशन किंवा प्रक्रिया केंद्रात पाणी शिरतं ते तोंड, म्हणजे क्लोरिन पडण्याच्या आधीची जागा. प्रवाहाच्या वरच्या बाजूला कारखाने असतील, तर त्यांतली रसायनं विषाणूही मारतात आणि प्रयोगशाळेतल्या पेशीही. वेळ सकाळची, घरोघरी शौचालयांचा वापर सर्वांत जास्त असतो ती. दोरी बांधलेली बादली वाहत्या धारेत मधोमध सोडायची. तळाचा गाळ खरवडायचा नाही, वरचा फेस घ्यायचा नाही. रुंद तोंडाच्या बाटलीत किमान एक लिटर भरून झाकण घट्ट लावायचं. मग बाटली बाहेरून ब्लीचने पुसायची. इथे जपावं लागतं, कारण ब्लीचचे चार थेंब आत गेले की नमुना वाया. लेबलवर जागा, तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस झाला का, हे लिहायचं. नंतर आइसपॅक घातलेल्या शीतपेटीतून त्याच दिवशी रवानगी. आणि नमुन्यासाठी कुणालाही मॅनहोलमध्ये उतरवायचं नाही. आत साचलेल्या हायड्रोजन सल्फाइडने माणूस क्षणात कोसळतो, आणि कुठलाही नमुना एका जिवाच्या मोलाचा नाही.

प्रयोगशाळेत नमुन्यातलं अर्धा लिटर पाणी घेतात. आधी ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ वेगळा करतात. गाळ फेकायचा नाही, त्याला चिकटलेले विषाणू पुढे उपयोगी पडतात. वरच्या पाण्यात डेक्स्ट्रॅन, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि मीठ घालून तासभर ढवळतात आणि मिश्रण रात्रभर चार अंश सेल्सिअसला नळी असलेल्या फनेलमध्ये ठेवतात. सकाळी दोन थर पडलेले असतात. विषाणू खालच्या थरात आणि दोन्ही थरांच्या सीमेवर गोळा होतात. फनेलची तोटी हळू उघडून हा भाग थेंबाथेंबाने काढून घेतात. घाईने तोटी पूर्ण उघडली तर थर मिसळतात आणि रात्र फुकट जाते. नीट जमलं तर अर्ध्या लिटरमधले विषाणू जेमतेम दहा मिलिलिटरमध्ये येतात. त्यात वेगळा ठेवलेला गाळ मिसळतात आणि जीवाणू, बुरशी मारण्यासाठी क्लोरोफॉर्म घालून हलवतात.

हा अर्क मग जिवंत पेशींवर घालतात. त्यासाठी एल२०बी नावाच्या उंदराच्या पेशी वापरतात. पोलिओचा विषाणू माणसाच्या ज्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो, ते प्रथिन या पेशींवर जनुकीय तंत्राने आणलेलं असतं. त्यामुळे आतड्यातले इतर बहुतेक विषाणू त्यांत वाढत नाहीत, पोलिओ वाढतो. नमुना एकाच फ्लास्कमध्ये न घालता अनेक फ्लास्कमध्ये वाटतात. पल्स पोलिओच्या मोहिमेनंतर सांडपाण्यात लशीतलाच विषाणू भरपूर असतो. सगळं एकत्र वाढवलं तर तो बाकीच्यांना दाबून टाकतो आणि एखादा वाइल्ड विषाणू नजरेतून सुटतो. पेशी मरायला लागल्या की त्यातल्या विषाणूच्या व्हीपी१ या सुमारे ९०० अक्षरांच्या जनुकभागाचा क्रम वाचतात. हा भाग वर्षाला साधारण एक टक्का बदलतो. त्यामुळे बदललेली अक्षरं मोजून हा विषाणू किती दिवस माणसांमध्ये फिरतोय, याचा अंदाज येतो.

निगेटिव्ह अहवालावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. जोरदार पावसानंतर नमुना इतका पातळ होतो की काहीच न सापडणं स्वाभाविक असतं. म्हणून जागेचीही परीक्षा घेतात: सहा महिन्यांतल्या किमान निम्म्या नमुन्यांत पोलिओ नसला तरी आतड्यात वाढणारे दुसरे एन्टेरोव्हायरस सापडलेच पाहिजेत. निरोगी वस्तीच्या सांडपाण्यातही ते असतात. तेही सापडत नसतील तर जागा चुकली आहे किंवा वाटेत शीतपेटीतला बर्फ वितळला आहे, आणि अशा ठिकाणच्या ‘निगेटिव्ह’ला काही किंमत नाही.

कोरोनाच्या काळात हीच पद्धत जगभर पसरली, पण तंत्र बदललं. इथे पेशींवर विषाणू वाढवत नाहीत, पीसीआरने त्याच्या आरएनएचे, म्हणजे जनुकीय साहित्याचे, तुकडे मोजतात. नेदरलँड्समधल्या अमर्सफूर्टमध्ये मार्च २०२० मध्ये शहरात पहिला रुग्ण नोंदवला जाण्याच्या काही दिवस आधी हे तुकडे सांडपाण्यात सापडले. मोजताना अडचण येते ती पाण्याची. आज पाणी जास्त, उद्या कमी, मग आकड्यांची तुलना कशी करायची? यासाठी मिरचीच्या झाडाला होणाऱ्या एका रोगाचा विषाणू उपयोगी पडतो, पीएमएमओव्ही. मिरची, तिखट, सॉस यांतून तो पोटात जातो, आपल्याला काही करत नाही आणि शौचातून बाहेर पडतो. नमुन्यात त्याचं प्रमाण किती, यावरून पाण्यात माणसांचा मैला किती हे ठरतं आणि कोरोनाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात. तरीही एका आठवड्याच्या आकड्यावरून ‘इतके रुग्ण आहेत’ असं सांगता येत नाही. चढ आहे की उतार, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

या सगळ्याआधीची एक स्वस्त युक्ती आजही कामाची आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये डेव्हनला ब्रेंडन मूर यांनी टायफॉइडसारख्या पॅराटायफॉइड तापाचे जंतू बाळगणारे लोक शोधण्यासाठी गॉजची जाड पट्टी दोरीने बांधून गटारात सोडली. अशी पट्टी दोन-तीन दिवस ठेवली की वाहत्या पाण्यातले जीवाणू तिच्यात अडकतात. मग ती पोषक द्रवात टाकून जीवाणू वाढवायचे. जंतू सापडले की प्रवाहाच्या वरच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये पट्टी लावायची, मग त्याच्याही वरच्या. असं करत गल्लीपर्यंत, कधी घरापर्यंत पोहोचता येतं. पट्टी घरापर्यंत नेऊ शकते, म्हणूनच ती जबाबदारीने वापरायला हवी. सांडपाण्याच्या तपासणीतून वस्तीला लस आणि शुद्ध पाणी मिळावं, वस्तीच्या माथी बदनामी नाही.

सापडल्यावर काय करायचं, हे हैदराबादने दाखवलं. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लशीतून टाइप २ काढून टाकला गेला. मे महिन्यात शहरातल्या सांडपाण्याच्या नमुन्यात लशीतूनच बदलत गेलेला टाइप २ विषाणू आढळला. रुग्ण एकही नव्हता. तरी जूनमध्ये हैदराबाद आणि रंगारेड्डी जिल्ह्यांतल्या सुमारे तीन लाख मुलांना इंजेक्शनची लस दिली गेली, तीही पूर्ण मात्रेच्या एक पंचमांश, ०.१ मिलिलिटर, त्वचेच्या थरात. लशीचा तुटवडा असताना एवढ्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता.

आपल्याकडे मोठी अडचण वेगळीच आहे. कितीतरी गावांत भूमिगत ड्रेनेज नाही, घरोघरी सेप्टिक टँक आहेत आणि त्यांतलं पाणी उघड्या गटारातून नाल्याला जातं. अशा ठिकाणी वस्ती संपते तिथे, नाला नदीला किंवा शेताला मिळण्याआधी, नमुना घ्यावा लागतो. शिवाय सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्या रिकाम्या होतात त्या केंद्रावरही. गाडीतला मैला मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं साठलेला असतो. तो जुनी साथ दाखवू शकतो, पण आजची साथ कळायला नाल्याचाच आधार घ्यावा लागतो.