इन्सुलिनवाल्यानं पळू नये, हे आलं कुठून?

आमच्या बीडकडं पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं बहुतेक भरतीवाली, १६०० मीटरच्या तयारीतली, आणि अविनाश साबळे आष्टी तालुक्यातला म्हणून आता लांब पळायची हौसही वाढलीय. पण घरात कुणी इन्सुलिनवर असलं की एकच, तू नको पळू बाबा, चक्कर येऊन पडशील. मी टाईप १ डायबेटिसवाला, म्हणजे अंगात इन्सुलिन जवळपास बनतच नाही, रोज टोचावं लागतं, शाळेपासून ऐकतोय हे. ही भीती उगीच नाहीये, तिला शंभर वर्षं झालीत.

जानेवारी १९२२ ला टोरंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. त्याआधी अशा लेकरांना अर्धपोटी ठेवून दिवस काढायचे, पळणं कुठलं! इन्सुलिन आलं, जीव वाचले, पण साखर एकदम खाली जायची नवी भीतीही आली.

मला सगळ्यात भारी वाटते ती १९२४ ची बोस्टन मॅरेथॉन. डॉक्टरांनी पळणाऱ्यांचं रक्त तपासलं, यांना डायबेटिस नव्हता बरं का, तरी शेवटाला काहींची साखर इतकी उतरलेली की इन्सुलिन जास्त झाल्यावर होतं तसंच दिसत होतं, मग पुढच्या वर्षी वाटेत गोड गोळ्या खायला दिल्या तर हाल झाले नाहीत. १९२६ मध्ये लंडनच्या डॉ. लॉरेन्सनी, जे स्वतः इन्सुलिनवर होते, व्यायामानं इन्सुलिनचा जोर वाढतो हे मांडलं.

कारण असं की पळताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात. धडधाकट माणसाचं स्वादुपिंड अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी करतं, आपण टोचलेलं मात्र परत काढता येत नाही. त्यात मांडीत टोचून पळालं तर ते अजून लवकर रक्तात उतरतं, हे १९७८ मध्ये दिसलं. आणि घरी आल्यावरही स्नायू साखर भरून घेत राहतात, म्हणून रात्री झोपेत शुगर पडते, मला याचीच जास्त धास्ती.

पण खरी अडचण होती मोजायची. कित्येक वर्षं बेनेडिक्टचं औषध घालून लघवी उकळायची, निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर लई. आता बघा, रक्तातली साखर नॉर्मल असो की पार घसरून ४०, रंग निळाच! पळणाऱ्याला जे कळायला पाहिजे तेच कळत नव्हतं, मग डॉक्टर नको म्हणणारच ना. १९८० नंतर ग्लुकोमीटर घरात यायला लागले, १९९६ ला रक्तात झटपट उतरणारं इन्सुलिन आलं. १९९७ मध्ये वासिम अक्रमला टाईप १ निघाला आणि १९९९ ला त्यानं टीम वर्ल्डकपच्या फायनलला नेली, मॅरेथॉन नाही ती, पण आमच्यासारख्यांना लई आधार वाटला.

दंडावर चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर १४ दिवसांत बदलावा लागतो, परवडत नाही, म्हणून आपलं बोट टोचणंच. उन्हाळ्यात लाईट गेली की इन्सुलिन ओल्या माठात. आमच्याकडं कुणी गळपटलं की गूळ-शेंगदाणे पुढं करतात, पण शेंगदाण्यातल्या तेलानं साखर चढायला उशीर लागतो, म्हणून खिशात ग्लुकोज पावडर, ७० च्या खाली दिसलं की १५ ग्रॅम, रस्त्याकडेला १५ मिनिटं बसायचं, परत टोचायचं, आकडा नीट वर आला तरच पुढं.