पात्यावरचं नाव आणि पात्याला दिलेलं पाणी

माझ्या टेबलाच्या खणात दोन घडीचे चाकू आहेत, दोन्ही चायनीज, दोन्हींच्या पात्यावर बारीक अक्षरात ८सीआर१३एमओव्ही असं कोरलेलं, आणि तरी एक असा की पुठ्ठ्याचे पाच-सहा खोके फोडले की नंतर कागद कापतच नाही, नुसता ओरबाडतो, आणि दुसरा महिनाभर वापरला तरी कुरकुर नाही. पोलाद तेच, देश तोच, किमतीतही फार फरक नव्हता. पहिला कुठल्या कंपनीचा ते सोडा. पण त्याच्यामुळे मी या विषयात जरा खोल गेलो आणि कळलं की स्वस्त चाकू घेताना आपण सगळे चुकीची गोष्ट वाचत बसतो.

आधी त्या आकड्यांचं बघू, कारण ते दिसतात तेवढे गूढ नाहीत. चिनी पद्धतीत सुरुवातीचा ८ म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बन, सीआर१३ म्हणजे सुमारे १३ टक्के क्रोमियम, आणि मागचे एमओ आणि व्ही म्हणजे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम, ते अगदी चिमूटभर असतात. याच हिशोबाने ३सीआर१३ मध्ये कार्बन ०.३ टक्केच, म्हणजे ते पातं कितीही प्रयत्न केला तरी फार कडक होणार नाही, रॉकवेल या कडकपणा मोजायच्या स्केलवर पन्नाशीच्या थोडं वर जाऊन थांबतं. ८सीआर१३ व्यवस्थित केलं तर ५७ ते ५९ पर्यंत जातं. ४४० हे आणखी एक पोलाद, नुसतं ४४० लिहिलेलं असेल आणि पुढे ए, बी, सी काहीच नसेल तर सावध व्हा, कारण ४४०ए आणि ४४०सी मधल्या कार्बनमध्ये चांगलाच फरक आहे आणि ज्याच्याकडे सी असतो तो ते अक्षर लिहायला विसरत नाही. "सर्जिकल स्टील" हा तर ग्रेडच नाही, नुसता शब्द आहे.

हा रॉकवेल प्रकार भारी आहे. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूवर दाबायचा आणि तो किती खोल गेला ते मोजायचं, स्केलवरचा एक आकडा म्हणजे २ मायक्रॉन खोली. म्हणजे ५६ आणि ५९ मधला फरक फक्त ६ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा नाही म्हणा ना, पण चाकूची धार ५६ वर दुमडते आणि ५९ वर उभी राहते असं होऊ शकतं.

आता मुद्द्यावर येतो. त्या कोरलेल्या नावातून फक्त पोलादात काय काय घातलंय ते कळतं. त्याचं पुढे काय केलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला पात्याला पाणी देणं म्हणतात, ते कुठेच कोरलेलं नसतं. (पाणी म्हणायचं फक्त, या स्टेनलेस पात्यांना पाण्यात कोणी बुडवत नाही, तेल, हवा किंवा दोन जाड धातूच्या प्लेटांमध्ये दाबून थंड करतात.) पातं भट्टीत साधारण हजार अंशांच्या वर तापवलं की कार्बन आणि क्रोमियम लोखंडात विरघळतात, मग झटकन थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाच्या स्फटिकात अडकून त्याला ताणून धरतो, आणि ही ताणलेली रचना, जिला मार्टेन्साइट म्हणतात, तीच कडकपणा देते. नुसती कडक ठेवली तर काचेसारखी तडकेल, म्हणून परत दीड-दोनशे अंशांवर थोडा वेळ भाजून जरा सैल करतात.

गंमत अशी की भट्टी थोडी कमी तापली तर कार्बन नीट विरघळत नाही आणि पातं मऊ राहतं, आणि जास्त तापली तर उलट इतका विरघळतो की थंड झाल्यावर सगळ्याचं मार्टेन्साइट होतच नाही, जुनी मऊ रचना मध्ये मध्ये शिल्लक राहते, म्हणजे पातं परत मऊच! मधली पट्टी अरुंद आहे. ती सांभाळायला चांगली भट्टी लागते, माणूस लागतो आणि वेळ लागतो, आणि ज्याला चाकू मातीमोल विकायचाय तो इथेच हात आखडतो कारण हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. अमेरिकेतली बक कंपनी वर्षानुवर्षं ४२०एचसी नावाचं अगदी साधं पोलाद वापरते, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण त्यांच्या भट्टीचं काम इतकं चोख की लोक त्या पात्यांची तारीफ करतात.

मग चीनमध्ये हे कोण नीट करतं? क्वांगतुंग प्रांतात यांगच्यांग नावाचं शहर आहे, चाकू-कात्र्यांचं गावच म्हणा, तिथे या धंद्याचे कारखाने एकमेकांना लागून आहेत. यातल्या बऱ्याच जणांनी आधी परदेशी ब्रँडसाठी माल बनवला आणि हात बसल्यावर स्वतःच्या नावाने विकायला लागले. सानरेनमू हे त्यातलं जुनं आणि स्वस्तातलं नाव. वी नाईफ महागडे, टायटॅनियमच्या मुठीचे चाकू करते आणि तिचाच परवडणारा ब्रँड म्हणजे सिविवी. किझर, क्यूएसपी, आर्टिझनचा सीजेआरबी, टॉर्चवाल्या फिनिक्सचा रुईके, ही सगळी याच रांगेतली. अमेरिकन स्पायडर्को कंपनीचे बर्ड आणि टेनेशस हे चाकूसुद्धा चीनमध्येच बनतात आणि त्यांनीच कित्येकांचा "चायनीज म्हणजे टाकाऊ" हा समज मोडला. माझा साधा नियम आहे, ज्या कंपनीला उद्या पुन्हा त्याच नावाने चाकू विकायचाय तिचा घ्या. नाव माहीत नसलेला, पण भारी पोलाद कोरलेला चाकू म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि कोरलेलं पोलाद खोटं असेल तर ते पकडणं सोपंही नाही. धातू तपासायचं हातात धरायचं एक्स-रे यंत्र असतं, ते क्रोमियम किती, व्हॅनेडियम किती हे झटक्यात सांगतं, पण कार्बन इतका हलका की तो त्याला दिसतच नाही. चाकूच्या पोलादात सगळ्यात महत्त्वाचं जे, तेच नेमकं निसटतं.

डी२ बद्दल वेगळं बोलायला हवं कारण बजेट चाकूत ते सगळीकडे दिसतं. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम, आणि मुळात हे पत्रे कापायच्या-ठोकायच्या डायसाठीचं पोलाद. बारा टक्के क्रोमियम म्हणजे गंजणार नाही असं वाटेल, पण गंजतं! कारण गंज अडवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर, जो काही नॅनोमीटरच जाड असतो, तो तयार व्हायला क्रोमियम लोखंडात मोकळा हवा, आणि डी२ मध्ये त्यातला बराचसा कार्बनने आधीच पळवलेला असतो, त्यांचे कार्बाइडचे कण होऊन बसतात. हे कण पोलादापेक्षा दुप्पट कडक, म्हणून पुठ्ठ्यातल्या वाळू-धुळीला डी२ छान दाद देत नाही, धार टिकते. पण कण मोठाले असतात, त्यामुळे धार फार बारीक केली की कण निखळून दाते पडतात. घाम येणारे हात असतील, ओल्यात काम असेल तर डी२ नकोच, नाहीतर पुसून तेलाचा हात फिरवायची सवय लावा.

मला विचाराल तर स्वस्तात स्वीडनचं १४सी२८एन नावाचं पोलाद मिळत असेल तर तेच घ्या. कार्बन ०.६२ टक्केच, पण जोडीला ०.११ टक्के नायट्रोजन, आणि तो कार्बनसारखंच कडक करायचं काम करतो पण क्रोमियमची तेवढी लूट करत नाही. कण बारीक, धार पटकन लागते, गंजायचं नाव नाही. टिकायला डी२ पेक्षा थोडं कमी, पण निसण्यावर पाच मिनिटांत परत तयार.

पोलादाबद्दल एवढं बोललो तरी खरी गोम आकारात आहे. चाकू म्हणजे पाचर. धारेच्या अगदी मागे पातं किती जाड आहे यावर तो खोक्यात किती सहज घुसतो ते ठरतं. व्हर्नियर असेल तर धारेच्या उताराच्या लगेच वर मोजा, ०.३ ते ०.५ मिलिमीटर म्हणजे मस्त, एक मिलिमीटरच्या जवळ गेलं तर ते पातं नाही, छिन्नी आहे. धारेचा कोन एका बाजूला १५ ते २० अंश ठीक. इंग्लंडात शेफील्डला कॅट्रा नावाची संस्था आहे, तिचं यंत्र वाळू मिसळलेले पुठ्ठे कापून धार किती टिकते ते मोजतं, आणि तशा चाचण्यांत कोन बारीक केला की तेच पोलाद कितीतरी जास्त पुठ्ठा कापतं. लोकांना पोलादाच्या नावावर तासन् तास भांडायला आवडतं, व्हर्नियर मात्र कोणी काढत नाही.

कुलूप, म्हणजे लॉक, इथे मात्र तडजोड नको, बोटं आपली आहेत. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडामागे अडते. उघडल्यावर ती बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या भागावर टेकलेली हवी. नुसती कडेला चिकटली असेल तर निसटू शकते, पार पलीकडे गेली असेल तर झिजायला जागाच उरली नाही. पातं उघडून पाठ जाड कापडावर हलकेच दाबून बघा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, कुलूप जरा जरी सरकलं तर परत करा. आडव्या दांड्याचं जे लॉक असतं ते १९९८ मध्ये अमेरिकेच्या बेंचमेडने आणलं, आता पेटंट संपल्यावर चिनी चाकूंत भरपूर दिसतं. वापरायला छान, डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चालतं, फक्त आतल्या दोन नाजूक तारेच्या स्प्रिंगांवर सगळा खेळ आहे, त्यातली एक तुटली तर गडबड.

बाकी किरकोळ. टोक धरून पातं डावीकडे-उजवीकडे हलवा, हललं तर आधी बिजागरीचा स्क्रू थोडा आवळून बघा, आवळल्यावर उघडायला जड झालं तर आतलं मशीनिंगच वाकडं आहे. मिटलेलं पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे. मूठ जी१० ची (म्हणजे राळेत दाबून घट्ट केलेलं काचतंतूंचं कापड) किंवा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची चालेल. पात्यावर लाटालाटांची दमास्कस नक्षी स्वस्तात दिसली तर ती बहुतेक लेझरने वरवर छापलेली, पॉलिश केली की जाते. आणि तुमच्याकडे किती लांबीचं पातं, कुठलं लॉक जवळ बाळगायला चालतं ते घ्यायच्या आधी बघा.

एक राहिलंच. नवीन चाकू पहिल्या आठवड्यात लवकर बोथट झाला तर लगेच शिव्या देऊ नका. कारखान्यात धार पट्ट्यावर कोरडीच, घाईत लावतात, आणि धारेचं टोक इतकं पातळ की ते क्षणात तापतं आणि तेवढ्यापुरतं दिलेलं पाणी उतरतं. शिवाय कधी कधी घासताना निघालेली तारेसारखी पातळ किनार तशीच चिकटून असते, ती कागद छान कापते आणि मग दुमडते. निसण्यावर दोन-तीनदा नीट धार लावा, तो खराब झालेला भाग निघून जातो आणि खालचं खरं पोलाद वर येतं. माझ्या खणातल्या त्या पहिल्या चाकूला मी चार वेळा लावली. नाही आला ताळ्यावर.