नव्या इंजिनाच्या रिंगा ‘बसतात’ म्हणजे काय होतं?

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात येते, हार घालून होतो, चाकाखाली लिंबू फुटतं आणि पेढ्यांबरोबर सल्लेही वाटले जातात. शोरूममधला मुलगा सांगतो, पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर नेऊ नका. शेजारच्या काकांना पन्नासही जास्तच वाटतात. त्यांनी त्यांची येझदी चाळिसावर चालवून मोकळी केलेली असते. आणि भाचा मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो, त्यात कोणीतरी छातीठोकपणे म्हणतो की पहिल्याच दिवशी गाडी सणकून पिळा, नाहीतर इंजिन जन्मभर मंद राहील. यातलं कुणीच सपशेल चुकीचं बोलत नाही. फक्त प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं इंजिन आहे.

लेथवाल्याकडून होनिंग करून आलेला सिलिंडर ब्लॉक हातात घ्या आणि आत बॅटरीचा उजेड मारा. भिंत आरशासारखी लखलखीत असेल असं वाटतं, पण दिसतात त्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा. काम अर्धवट राहिलेलं नसतं. फिरता होनिंगचा दगड वर-खाली हलवून त्या रेघा मुद्दाम पाडतात. रेघांच्या खाचेत ऑईल थांबतं, आणि दोन खाचांमधल्या उंचवट्यांवर पिस्टनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये वर-खाली पळणाऱ्या दट्ट्याच्या, कडेभोवती बसवलेल्या रिंगा घासतात. नव्या इंजिनात या उंचवट्यांना अजून टोकं असतात. रिंगेच्या कडेलाही असतात. नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कारण सगळा मामला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा आहे.

दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे सगळ्या अंगाने टेकले असं आपण धरून चालतो. केंब्रिजमध्ये बाऊडेन आणि टेबर या जोडीने १९३९ साली धातूंच्या जोडातून वीज सोडून तिला होणारा विरोध मोजला, आणि खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ हिश्श्यातच होतो हे दाखवलं. बाऊडेन म्हणायचे, स्वित्झर्लंड उलटं करून ऑस्ट्रियावर ठेवलं तर जसं होईल तसं हे आहे: टेकतात ती फक्त शिखरं. म्हणून सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो. ती दबतात, तुटतात, झिजतात, आणि हळूहळू भार पेलणारा सपाट भाग वाढत जातो. तो पुरेसा वाढला की झीज एकदम मंदावते. फिटर ज्याला ‘रिंगा बसल्या’ म्हणतात, ते हेच.

आता ही टोकं दाबतं कोण? रिंग स्प्रिंगसारखी ताणलेली असते, पण तिचा स्वतःचा जोर तसा बेताचाच. खरा जोर जळणाऱ्या वायूचा. हा वायू वरच्या रिंगेच्या फटीतून तिच्या मागे शिरतो आणि तिला भिंतीवर रेटतो. स्प्लेंडरचं इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ४९.५ मिलिमीटर, म्हणून ९७.२ सीसी. पूर्ण रेस दिल्यावर अशा इंजिनात क्षणभर ४० बारच्या आसपास दाब तयार होतो असं धरलं, तर त्या एवढ्याशा पिस्टनच्या डोक्यावर जवळपास ८०० किलोंचा भार येतो. हलक्या हाताने चालवली तर हा दाब निम्म्याच्याही खाली राहतो, आणि रिंगेमागचा रेटाही त्याच प्रमाणात कमी.

पिळा म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथे आहे, आणि तो खोटा नाही. दाब पुरेसा नसेल तर रिंग भिंतीवर नुसती सरकत राहते. तिच्या बाजूने गरम वायू खाली निसटतो, भिंतीवरचं ऑईल भाजून त्याचा चिकट थर बसतो आणि खाचा बुजतात. याला ग्लेझिंग म्हणतात. ते एकदा झालं की पुढे गाडी कितीही चालवा, रिंग भिंतीला पकडत नाही. गाडी ऑईल पिते, निळा धूर मारते, आणि शेवटी ब्लॉक काढून पुन्हा होनिंग करण्यावाचून इलाज उरत नाही. छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी लायकमिंग कंपनी तर नव्या किंवा ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाला क्रूझमध्ये ६५ ते ७५ टक्के ताकदीवर चालवायला सांगते, आणि ऑईलचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल ऑईल वापरायला सांगते. विमानाचं इंजिन जपायचं म्हणून हळू चालवणारा वैमानिक त्याचं नुकसानच करत असतो.

मग काका चुकले का? नाही. त्यांना भीती होती ती उष्णतेची. ५० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला की सुमारे ०.१ मिलिमीटर फुगतो. बिडाचा सिलिंडर तेवढाच तापला तर त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. आणि या दोघांमध्ये थंड असताना जागा असते ती मुळात शतांश मिलिमीटरमध्ये मोजायची. शिवाय पिस्टन लवकर तापतो, जाड बिडाचा ब्लॉक सावकाश. सकाळी गार इंजिन चालू करून लगेच पिळलं तर काही मिनिटं पिस्टन फुगलेला आणि ब्लॉक अजून आकसलेला, अशी अवस्था येते. नव्या इंजिनात घर्षण जास्त, म्हणजे उष्णताही जास्त. काकांच्या येझदीसारख्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला मिळायचं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं थोडंसं ऑईल, आणि उतारावर थ्रॉटल बंद केला की तेही कमी व्हायचं. पिस्टन धरला, म्हणजे फुगून सिलिंडरमध्ये अडकला, की मागचं चाक लॉक. राजदूत, येझदी, आरएक्स १०० चालवलेल्या माणसाचा डावा हात आपोआप क्लचवर का असतो, ते यावरून समजावं.

म्हणजे दाब हवा आणि उष्णता साठायला नको. या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर थ्रॉटल थोडा वेळ मोकळेपणाने द्यायचा, मग सोडायचा, इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा, पुन्हा द्यायचा. माझ्या मते मॅन्युअलमधल्या ताशी पन्नासच्या आकड्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. आकडा सांगायला सोपा, म्हणून तो छापतात; पण पन्नासला पाचव्या गिअरमध्ये चढावर धापा टाकणारं इंजिन आणि पन्नासलाच सपाट रस्त्यावर चौथ्यात सहज पळणारं इंजिन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आरपीएम कमी, गिअर वरचा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, अशी गाडी ओढत नेणं सगळ्यात वाईट. बेअरिंगवरचा ऑईलचा थर वेगामुळे टिकतो. वेग, भार आणि ऑईलचा दाटपणा यांचा घर्षणाशी कसा संबंध असतो, हे जर्मनीत श्ट्रिबेक यांनी १९०२ सालीच मोजून मांडलं होतं.

पिस्टनची अडचण अशी की त्याचा वेग सतत बदलतो. ५,००० आरपीएमला स्प्लेंडरचा पिस्टन सरासरी ताशी ३० किलोमीटरने धावतो, पण प्रत्येक फेरीत वर आणि खाली क्षणभर पूर्ण थांबतो. वर थांबतो त्याच सुमाराला वायूचा दाब सर्वांत जास्त आणि ऑईलचा थर सर्वांत पातळ. जुन्या इंजिनाचा ब्लॉक उघडला की वरच्या तोंडाजवळ नखाला एक कड अडते. तिच्याखालपर्यंत रिंग घासलेली असते. वरचा भाग मूळ मापाचाच राहिलेला असतो.

मुंबई-पुणे जुन्या हायवेवर तासन्‌तास एकाच वेगाने जाणं नव्या गाडीला म्हणूनच फारसं मानवत नाही. शहरातली सिग्नलची कटकट तिला उलट बरी. पाच-दहा मिनिटं स्टँडवर गाडी चालू ठेवून ‘गरम करणं’ मात्र सोडून द्यावं. त्यात दाबही नसतो आणि वाराही नसतो.

आज शोरूममधून निघालेल्या गाडीत यातलं बरंच काम कारखान्यातच झालेलं असतं. होनिंगचा शेवटचा हात बारीक दगडाने देऊन टोकं आधीच उडवतात आणि ऑईलच्या खोल खाचा तेवढ्या शिल्लक ठेवतात. याला प्लॅटो होनिंग म्हणतात. बऱ्याच जोरदार गाड्यांत तर सिलिंडरच्या आतली बिडाची नळी, म्हणजे स्लीव्हच नसते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकेलचा थर आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये वँकेल (फिरत्या पिस्टनच्या) इंजिनासाठी निकासिल आणलं, त्याच जातीचा हा थर. सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही ॲल्युमिनियमचे, म्हणून फुगण्यातला फरक कमी, आणि पिस्टन धरायची भीतीही कमी. काकांचा नियम ज्या इंजिनासाठी होता, ते इंजिन आता दुकानात मिळत नाही.

तरी पहिली सर्व्हिसिंग टाळू नका. बहुतेक कंपन्या ती ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान सांगतात, आणि कारण फक्त रिंगा नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडालेले असतात. गिअरचे नवे दातही एकमेकांवर बसत असतात आणि त्यांचा चुरा त्याच ऑईलमधून फिरत राहतो. शक्य असेल तर सर्व्हिसिंगला समोर उभे राहा. ड्रेन नट सुटला की ट्रेमध्ये पडणाऱ्या ऑईलवर उन्हात चांदीची बारीक चमक दिसते. नटला चुंबक असेल तर त्याच्या टोकाला काळपट, लोण्यासारखी मऊ पेस्ट जमलेली असते. चिमटीत चोळली तर कण हाताला लागत नाहीत. हे ठीक आहे. टोचणारी कच किंवा सोललेली चकती सापडली, तर मात्र तिथेच दाखवून विचारायचं. दुसऱ्या सर्व्हिसिंगला ही चमक बरीच कमी झालेली दिसेल. ॲव्हरेजही याच सुमाराला थोडं सुधारतं, कारण घर्षणात जाणारं पेट्रोल वाचतं.

हे सगळं खरोखर काटेकोरपणे पाळायची वेळ येते ती नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीचं हाफ इंजिन काम केल्यावर. तिथे बोअर पाव मिलिमीटर वाढवलेला असतो, होनिंग हाताने झालेलं असतं, पिस्टन आणि रिंगा नव्या असतात, आणि कारखान्यातला तो बारीक दगडाचा शेवटचा हात बहुधा मिळालेला नसतो. अशा गाडीला काकांचं आणि भाच्याचं दोघांचंही ऐकावं लागतं: पहिले काही किलोमीटर थांबत थांबत, मग चढावर खालच्या गिअरमध्ये मोकळा थ्रॉटल आणि उतारावर सोडून. दोन-तीनशे किलोमीटरला ऑईल काढून टाकायचं, मग ते दिसायला कितीही स्वच्छ असो. आणि फिटरने ‘आता मुंबईला जाऊन आलात तरी चालेल’ असं म्हटलं, तरी पहिल्या आठवड्यात जायचं नाही.