'पुणे' या शब्दाची लांबी किती?

स्विफ्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला विचारलं तर उत्तर येतं २. जावा आणि पायथन सांगतात ४. गो सांगते १२. चौघींचंही बरोबर आहे. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजते, पु आणि णे. पायथनच्या लेखी प, उकार, ण आणि मात्रा असे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाचे, चार घटक होतात, जावाचाही हिशोब इथे तेवढाच येतो. गो बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात.

आता समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीने बसथांब्यांची माहिती बाहेरच्या डेव्हलपरांना खुली केली. सर्व्हरला काय विचारायचं आणि उत्तर कोणत्या रूपात मिळेल, हे ठरवून देणारा करार म्हणजे एपीआय. करारात नियम आहे: थांब्याचं नाव जास्तीत जास्त २० अक्षरांचं. 'शिवाजीनगर' स्विफ्टमध्ये ६, पायथनमध्ये ९, गोमध्ये थेट २७! एकाचं ॲप नाव घेतं, दुसऱ्याचं नाकारतं, आणि दोघांनीही नियम पाळलेला असतो. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली तर हा घोळ दिसतच नाही, कारण तिथे तिन्ही मोजमापं सहसा सारखीच येतात. म्हणून आपल्याकडच्या टीमने तरी चाचणीत मराठी नावं घालायलाच हवीत.

जेसन या मांडणीच्या ठरावीक पद्धतीत माहिती पाठवली की सगळ्या भाषांची सोय झाली, असं बरेच जण धरून चालतात. जेसन साधा मजकूर आहे, तो कोणतीही भाषा वाचते, हे खरं. पण जावास्क्रिप्ट नेहमीच्या संख्या ६४ बिटांच्या अपूर्णांकी रूपात ठेवते आणि दोनाच्या ५३व्या घातापुढे तिला सगळे पूर्णांक नेमके धरता येत नाहीत. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवा, ती ९००७१९९२५४७४०९९२ वाचते. एररही येत नाही. २०१० साली ट्विटरचे आयडी ही मर्यादा ओलांडणार होते, तेव्हा त्यांनी तोच आयडी मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली. आयडींची बेरीज कोणी करत नाही. ते पहिल्यापासून मजकूर म्हणूनच द्यावेत.

तारखेसाठी आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८८ पासून: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वेळेसोबत भारतीय वेळेची खूण +०५:३० लिहायला विसरू नये, इतकंच. मध्यरात्रीनंतरच्या बसचं काय? सार्वजनिक वाहतुकीच्या जीटीएफएस या मानकात रात्री बारा चाळीसची बस आदल्या दिवसाच्या वेळापत्रकात २४:४०:०० अशी लिहितात. मला ही सोय फार आवडते. बस कोणत्या दिवसाची, हा प्रश्नच उरत नाही.

राहिली सुसंगती, आणि माझ्या मते सर्वांत जास्त हलगर्जी इथेच होते. एका ठिकाणी 'स्टॉप_आयडी', दुसरीकडे 'स्टॉपआयडी', तिसरीकडे नुसतं 'आयडी'. थांबा सापडला नाही तर एक विनंती ४०४ म्हणजे 'सापडलं नाही' हा संकेतांक देते, दुसरी २०० म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगून आत चूक झाल्याचा निरोप ठेवते. कोथरूडमध्ये रात्री ॲप लिहीत बसलेली विद्यार्थिनी तुमच्या टेबलापाशी येऊन विचारू शकत नाही. तीन विनंत्या शिकल्यावर चौथी तिला अंदाजाने लिहिता आली पाहिजे. त्यासाठी एखादं नाव जरा ओबडधोबड असलं तरी चालेल, पण ते सगळीकडे तेच हवं.

एपीआय जाहीर करण्याआधी जावास्क्रिप्ट आणि गो अशा दोन वेगळ्या वळणाच्या भाषांत छोटा क्लायंट, म्हणजे एपीआय वापरणारा प्रोग्रॅम, लिहून पाहावा, तोही एपीआय न बनवलेल्या सहकाऱ्याकडून, फक्त दस्तऐवज हातात देऊन. तो जिथे उठून विचारायला येईल, तिथे दस्तऐवजात ओळ कमी आहे.