सळईवरचे १५ मिलिमीटर

पावसाळा ओसरला की पुण्यात कोथरूड, सहकारनगर, एरंडवण्यातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. बाथरूमच्या छताचे पोपडे पडले, सळई दिसायला लागली. कंत्राटदार म्हणतो, प्लास्टर मारून देतो. कुणी ज्येष्ठ सभासद म्हणतात, ‘जुनं बांधकाम दणकट आहे, होतं तसं करून घ्या.’ पण होतं तसं केलं, तर पोपडे पुन्हा पडणार.

काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे आयएस ४५६ हे मानक आहे. त्याच्या १९७८च्या आवृत्तीत स्लॅबच्या सळईखाली किमान १५ मिलिमीटर काँक्रीट पुरेसं मानलं होतं. यालाच साइटवर कव्हर म्हणतात. एम-१५ दर्जाचं काँक्रीटही तेव्हा चालत असे; ‘एम’पुढचा आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत. २०००च्या आवृत्तीत पाऊस किंवा वाफेचा ओलावा लागणाऱ्या भागासाठी कव्हर ३० मिलिमीटर आणि दर्जा एम-२५ झाला. हा फरक कागदी वाटेल, पण त्यामागचं रसायनशास्त्र मला फार सुंदर वाटतं.

चांगल्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तिला गंज लागत नाही. पण काँक्रीट सच्छिद्र असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, तिथल्या ओलाव्यात विरघळतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडपासून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ केली होती, तीच ही अभिक्रिया. पीएच ९च्या खाली येतो आणि सळईचं संरक्षण संपतं.

हा कार्बोनेशनचा थर बाहेरून आत सरकत जातो. जितका तो जाड, तितकं पुढच्या वायूला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून वेग मंदावतो. गणिताने त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, १५ मिलिमीटरला २५ वर्षं लागली, तर त्याच काँक्रीटमध्ये ३० मिलिमीटरला १०० वर्षं लागतील. कव्हर दुप्पट, तर मुदत चौपट. उलट, सळईखाली खडीचे तुकडे सरकवून काम उरकलेलं असेल आणि कव्हर ५ मिलिमीटरच उरलं असेल, तर तीन वर्षंही पुरतात! मग ऑक्सिजन आणि पाणी मिळालं की गंज सुरू. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असतं. तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. दिवाणखान्याआधी बाथरूमचं छत फुटतं, ते वरच्या मजल्यावरच्या गळतीमुळे.

आता दुरुस्ती. फुटलेला भाग नव्या मसाल्याने भरला की तिथली सळई पुन्हा अल्कधर्मी वातावरणात जाते. शेजारची सळई मात्र कार्बोनेट झालेल्या काँक्रीटमध्येच राहते. एकाच सळईच्या या दोन भागांत विद्युत्-विभवाचा फरक पडून एक विद्युत्-रासायनिक घट तयार होतो. शेजारचा भाग धनाग्र बनतो, म्हणजे गंजतो. म्हणून ठिगळाच्या कडेलाच पुढचा पोपडा येतो.

मग सगळीकडे कव्हर ३० करून टाकायचं का? १५ मिलिमीटरच्या जादा थराचं वजन चौरस मीटरला सुमारे ३७ किलो होतं, आणि जुना स्लॅब त्यासाठी आखलेला नसतो. त्यामुळे जाणकार अभियंते पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचा पातळ थर देतात आणि वर कार्बन डायऑक्साइड अडवणारा, पण वाफ बाहेर सोडणारा लेप लावतात. जे काम जाडीने साधायचं, ते असं साधतं.

तुळईखाली झोपणं अशुभ, म्हणून तिच्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करायचा सल्ला वास्तुवाले देतात. त्याला कसलाही आधार नाही, आणि त्याने तुळईवरच्या भेगा व गंजाचे डाग नजरेआड होतात. तो सल्ला अजिबात मानू नका.

भूकंपाचं गणित वेगळं आहे. २०१६च्या भूकंप-मानकानुसार पुणे भूकंपक्षेत्र तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतं. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधणीसाठीचं आयएस १३९२० हे मानक १९९३मध्ये आलं आणि त्यात कॉलमच्या रिंगांचे, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या आडव्या सळयांचे, हूक १३५ अंशांत आत वळवायला सांगितलं. जुन्या ९० अंशांच्या हुकांचं कव्हर हादऱ्यात निघालं की ते उघडतात. नवी मानकं जुन्या इमारतीला आपोआप लागू होत नाहीत. तिच्या तपासणीसाठी २०१३चं आयएस १५९८८ आहे. पण कॉलमला जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा वेढा, करायचंच असेल, तर नव्या रिंगा नव्या पद्धतीच्याच हव्यात.

तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच लागते. त्या वेळी अभियंत्याला फिनॉल्फ्थॅलीन चाचणी करायला सांगा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते फवारलं की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला बिनरंगी राहतो. बिनरंगी पट्टा किती मिलिमीटरचा आणि कव्हर किती, हे दोन आकडे खोलीगणिक लिहून घ्या. पट्टा सळईपर्यंत पोचला नसेल, तिथे नुसता लेप पुरतो. पोचला असेल, तिथे सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडून काढावं लागतं. कोटेशन या आकड्यांवरूनच मागवा.