पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे

जुलैच्या दमट हवेत रत्नागिरीतल्या ओळखीच्या एका मास्तरांचा लॅपटॉप बंद पडला. डिस्क कूटबद्ध, म्हणजे एन्क्रिप्टेड: पासवर्डशिवाय आतलं वाचताच येत नाही. "यंत्र गेलं, आता आतलंही गेलं," असं त्यांना दुकानात सांगितलं गेलं. हा गैरसमज फार पसरलेला आहे. मी ती डिस्क माझ्या लिनक्स संगणकाला जोडली, टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'क्रिप्टसेटअप ओपन' आणि पुढे डिस्कचं नाव लिहिलं. मास्तरांनी पासवर्ड टाकला. टाकताना पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही, तसंच असतं ते. दोनेक सेकंदांत डिस्क उघडली.

त्या दोन सेकंदांत जे घडतं ते मला फार आवडतं.

माहिती पासवर्डने कुलूपबंद होतच नाही. ती होते एका यादृच्छिक महाकिल्लीने, जी माणसाने कधी पाहिलेलीही नसते. कोकणातलं सामाईक घर आठवा. दाराची किल्ली एकच, पण मुंबईच्या प्रत्येक भावासाठी तिची एक प्रत वेगळ्या पेटीत, पेटीला ज्याचं त्याचं कुलूप. इथे पेटीचं कुलूप म्हणजे पासवर्ड. लिनक्सवर डिस्क कूटबद्ध करण्याच्या लक्स या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत अशा 8 पेट्या होत्या, दुसरीत 32 पर्यंत. म्हणून पासवर्ड बदलला तरी अख्खी डिस्क नव्याने कूटबद्ध करावी लागत नाही, फक्त एक पेटी बदलते.

दुसऱ्या आवृत्तीत पेटी उघडायला पासवर्ड सहसा आधी आर्गॉन2 मधून जातो. 2015 साली पासवर्ड-हॅशिंगच्या, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं रूपांतर करण्याच्या, स्पर्धेत जिंकलेली ही पद्धत मुद्दाम संथ आहे आणि एका प्रयत्नाला 1 जीबीपर्यंत मेमरी खाते. त्यामुळे हजारो गाभ्यांचं (एकाच वेळी गणितं करणाऱ्या भागांचं) ग्राफिक्स कार्डही एका वेळी मोजकेच अंदाज करू शकतं. शिवाय पेटीतली किल्ली 4000 तुकड्यांत पसरून लिहिलेली असते. एक तुकडा पुसला तरी बाकीचे निरुपयोगी, म्हणून नको असलेली पेटी कायमची नष्ट करता येते.

'मिलिटरी ग्रेड' असं खोक्यावर छापल्याने यातलं काहीच वाढत नाही. पासवर्ड '123456' असेल तर आर्गॉन2 काय करणार? आणि कुठलीही डिस्क दहा मिनिटांत उघडून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

खरा धोका वेगळाच. या पेट्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, हेडरमध्ये असतात. तेवढा भाग बिघडला तर बरोबर पासवर्डही व्यर्थ. मास्तरांच्या डिस्कचं हेडर 'लक्सहेडरबॅकअप' या आज्ञेने पेनड्राइव्हवर उतरवून दिलं, जेमतेम 16 एमबी. पुढे पासवर्ड बदललात तर जुनी प्रत नष्ट करा, असंही सांगितलं, कारण त्या प्रतीतली पेटी जुन्याच पासवर्डने उघडते.